डावीकडचं मंद येतंय

टँकरचा हॉर्न त्याला ऐकू आला नव्हता. बाकी सगळ्याची समजूत पूर्णिमाने स्वतःची स्वतःच घालून घेतली होती. रस्ता उकरून ठेवलेला होता, टँकरवाल्याने नको त्या बाजूने गाडी घुसवली होती, पोरगा विचारात होता. पण हॉर्न? धायरी फाट्यावर उभी असलेली माणसं दचकून मागे सरली, केळीवाल्याने हातगाडी सोडून उडी मारली, आणि इंद्रजीत मात्र निवांत, गाणं गुणगुणत, गाडी डावीकडे घेत होता. थेट टँकरच्या तोंडाशी. मागे बसलेल्या पूर्णिमाने त्याची कॉलर धरून अशी ओढली की शर्टाचं बटण तुटलं.

"काय गं आई! पाडशील ना!"

"टँकर, टँकर आहे डावीकडे!"

"कुठाय?" म्हणून त्याने उजवीकडे पाहिलं.

हेल्मेट डोक्यावर असतं तर तिने हेल्मेटला दोष दिला असता. पण ते नेहमीप्रमाणे आरशाला लटकत होतं. घरी येऊन तिने बटण शिवलं, कुकर लावला, आणि तरी ते "कुठाय?" तिच्या डोक्यातून जाईना. हॉर्न डावीकडून वाजला होता. त्याने पाहिलं उजवीकडे.

इंद्रजीत म्हणजे आवाजातच वाढलेलं पोर. त्याचा बाप संपत याचं धायरीत, सिंहगड रस्त्याला बिल्डरांच्या पाट्या लागायच्या आधी, 'लाउडस्पीकर आणि रेकॉर्डिंग'चं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट आणून द्यायचे आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचे. दुकानात एक गमतीचं यंत्र होतं. पेनाएवढी दांडी, मागे वायर. कॅसेटच्या टेपवर लोखंडाची पूड असते, ती घासून घासून टेपरेकॉर्डरच्या हेडमध्ये चुंबकत्व साठतं आणि आवाज बोदा येतो, म्हणून ही दांडी हेडसमोर धरून ते उतरवायचं. त्याचीही रीत होती. लांब धरून बटण दाबायचं, जवळ न्यायची, हळूहळू गोल फिरवायची, तशीच हळूहळू हातभर लांब आणायची आणि मगच बंद करायची. जवळ असताना बंद केली तर चुंबकत्व उतरायच्या ऐवजी अंगी बसतं. छोटा इंद्रजीत स्टुलावर उभा राहून हे करायचा. शाळेतली मुलं बापाच्या हाताखाली काय काय शिकतात; हा हे शिकला.

मोठेपणी त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, हिंजवडीत एका कंपनीत वर्षभर शर्ट खोचून गेला, आणि एक दिवस सांगून टाकलं, "आई, तिथे सगळे हेडफोन घालून बसतात गं. कोणी कोणाचं ऐकत नाही." मग त्याने आणि शेजारच्या गल्लीतल्या पृथ्वीराजने मिळून साउंड सिस्टिम उभी केली. हळदी, दहीहंड्या, गॅदरिंगं, बारशी. पृथ्वीराज माणसं सांभाळायचा आणि इंद्रजीत मिक्सर. नऱ्ह्यापासून वडगावपर्यंत मंडळांची पोरं म्हणायची, "इंद्रा बसला मिक्सरवर की टेन्शन नाय."

पण त्याचं खरं घर होतं माडीवरची खोली. बाहेर लोकांच्या छाताडात धडधड भरवणारा पोरगा घरात आवाज इतका हळू लावायचा की जिन्यात थांबून पूर्णिमाला कान द्यावा लागे. भिंतीला गोधड्या ठोकलेल्या, समोर दोन स्पीकर, मधोमध एक खुर्ची. ती खुर्ची कोणी इंचभर सरकवली तरी त्याला कळायचं. सीडीच्या डिस्का ऐकायचा, मोबाइलवरचं नाही. कधी सारंगी, कधी जुनी नाट्यगीतं, कधी नुसताच तबला. त्याच्यासारख्याच वेड्यांचा एक ग्रुप होता. त्यात मार्केट यार्डातले एक कांद्याचे व्यापारी होते, महिपतीशेठ. ते डिस्कांची पिशवी घेऊन कधीमधी यायचे, पायांतली चप्पल दाराबाहेर आणि मोबाइल बंद करून चपलेत. देवळात माणूस इतका नीट वागत नाही.

या शेठनीच ते खूळ आणलं. परदेशात म्हणे लोक डिस्क आणि वायरींमधलं चुंबकत्व उतरवतात; आवाजावरचा पडदा बाजूला होतो. इंद्रजीतने अडगळीतून बापाची ती दांडी काढली, नवी वायर लावली आणि प्रत्येक डिस्क वाजवायच्या आधी तिच्यावरून फिरवायला लागला. मग वायरींवरून. लांबून जवळ, गोल गोल, पुन्हा लांब.

"ओवाळतोस कोणाला?" पूर्णिमा म्हणाली होती. "भाऊबीज आहे का आज?"

"चेष्टा नको गं. फरक पडतो."

पूर्णिमा कसबा पेठेतली, फिजिक्सची बी.एस्सी. लग्नानंतर तिने दहावीच्या शिकवण्या घेतल्या होत्या आणि तो खडू तिच्या बोटांतून कधी गेला नव्हता. "डिस्क कशाची? प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमच्या डब्याला चुंबक चिकटतं का? वायर तांब्याची. तांब्याला चुंबक लागतं का? जे चढलंच नाही ते तू उतरवतोस काय? आणि ती डिस्क वाचतं कोण? प्रकाशाचा किरण. त्याला काय पडलंय?"

"थिअरी बरोबर आहे तुझी. पण कान काय सांगतो ते बघ ना."

संपत सोफ्यावरून म्हणाला, "आमच्या टायमाला बी फरक पडायचा हां."

"अहो, तुमच्या टायमाला टेप होती. टेपवर लोखंड होतं."

"काय?"

"लोखंड होतं!"

"मंग तेच म्हनतोय न्हवं मी!"

संपतला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे. घरात त्यावर विनोद व्हायचे. लाउडस्पीकरवाल्याला घरातही लाउडस्पीकर लागतो, असं ती स्वतःच पाहुण्यांना सांगायची आणि सगळे हसायचे.

तर हे खूळ वर्षभर होतं आणि निरुपद्रवी होतं. पण टँकरच्या त्या आठवड्यात इंद्रजीतचा हात थांबेना. सकाळी उठला की माडीवर. जेवण अर्धं टाकून माडीवर. तीच तबल्याची डिस्क, ओवाळायची, लावायची, काढायची, पुन्हा ओवाळायची. खाली स्वयंपाकघरात तिला त्या दांडीची घूंऽऽ अशी गुणगुण ऐकू यायची. आणखीही काही काही दिसायला लागलं होतं. फोन आता तो उजव्या कानाला लावत होता. डाव्या हातात असला तरी मानेमागून वळसा घालून. जेवताना त्याने जागा बदलली होती आणि बाप आता त्याच्या उजव्या हाताला आला होता. एकदा तिने डाव्या बाजूने "मीठ दे" म्हटलं, तर त्याने दिलं नाही. पुन्हा म्हणायचं धाडस तिला झालं नाही. न म्हटलं तर निदान त्याचं लक्ष नव्हतं असं मानता येत होतं.

टँकरच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी ती माडीवर गेली. तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

"मला एक बघायचंय," ती म्हणाली. "मी दोनदा डिस्क लावते. एकदा तुझं ते यंत्र फिरवून, एकदा न फिरवता. तू मागे बघायचं नाहीस. कुठली कुठली ते सांगायचं."

"ब्लाइंड टेस्ट घेणार? माझी? घे, घे. पण यंत्र लांब नेऊन मगच बंद कर हं, नाहीतर वाट लावशील."

तिने डिस्क लावली. जरा वेळाने काढली, यंत्राचं बटण दाबलं, गुणगुण होऊ दिली, पण दांडी डिस्कजवळ नेलीच नाही, खिडकीबाहेर धरली. पुन्हा तीच डिस्क लावली.

"ही!" इंद्रजीत बसल्या जागी उडालाच. "आई, ऐक ना, तबल्याच्या काठावरचा, चाटेचा आवाज बघ कसा सुटा झाला! पहिली एकदम बोदी होती."

"मी यंत्र खिडकीबाहेर धरलं होतं."

तो वळून बघत राहिला. तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं मोकळं हसू. म्हणजे हे खूळच होतं तर. मनाचा खेळ. तिने पुढचं वाक्य जुळवलंही होतं – आता ही दांडी भंगारात आणि तू जेवायला – तेवढ्यात तो अगदी हळू म्हणाला,

"मग डावीकडचं मंद का येतंय?"

"काय मंद येतंय?"

"डावा स्पीकर. आई, मी वेडा नाहीये. खरंच मंद येतंय. वायरी बदलल्या. डावीची उजवीला, उजवीची डावीला. वायरीत फॉल्ट असला की तो वायरीबरोबर सरकतो ना, तो सरकला नाही. मग स्पीकरच उचलून इकडचा तिकडे केला. तरी डावंच. ॲम्प्लिफायर पृथ्वीकडून दुसरा आणला. तरी डावंच. सकाळी कधी बरं येतं, मला वाटलं यंत्रामुळे आलं. दुपारपर्यंत परत गेलं. एकच गोष्ट राहिली होती, चुंबकत्वाची, म्हणून मी..." त्याने हात पसरले. "सगळं बदलून झालं."

साउंडवाल्यांची हीच रीत. आधी वायर बघायची, मग पिन, मग मशीन. एकेक वस्तू बदलत जायचं, दोष सापडेपर्यंत. संपतने त्याला तेच शिकवलं होतं आणि पोराने ते इमानदारीने केलं होतं. खोलीतली एकूण एक वस्तू त्याने बदलून पाहिली होती.

पूर्णिमाने खुर्चीकडे पाहिलं.

"खुर्ची फिरव," ती म्हणाली.

"काय?"

"स्पीकर आहेत तिथेच राहू देत. तू पाठ करून बस."

"पाठ करून कोण ऐकतं?"

"बस म्हणते ना!"

तो बसला. स्पीकरांकडे पाठ, दाराकडे तोंड, तिच्याकडे तोंड. तिने डिस्क पुन्हा लावली. तबला सुरू झाला. ती त्याचा चेहरा बघत होती आणि तिला तो बघायचा नव्हता. आधी कपाळाला आठी पडली. मग त्याने मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. मग आठी गेली आणि तोंड लहानपणी ताप चढताना व्हायचं तसं झालं.

"आता कुठलं मंद?"

त्याने नुसता हात वर करून एक स्पीकर दाखवला. तो दुसरा स्पीकर होता. इतके दिवस चांगला असलेला, आता त्याच्या डाव्या हाताला आलेला.

तबला वाजतच राहिला. कोणीतरी तो बंद करायला हवा होता.

"सर्दी असेल," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"नऱ्ह्याची हळद झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलो तर डाव्या कानाला दडा बसल्यासारखं. आत बारीक शिट्टी वाजते. गॅस लीक होतो ना, तशी. बंदच होत नाही." आणि मग एकदम तिचा हात धरून, "आई, कोणाला बोलू नकोस. पप्पांना नको. पृथ्वीला तर अजिबातच नको. साउंडवाल्याला एका कानाने ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण उभं करेल? उद्या दहीहंडी आहे. शपथ घे माझी."

तिने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही. त्याने ते होय धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणते म्हणून ती निघाली आणि सिंहगड रस्त्यावरच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली. नंबर आल्यावर आत गेली.

"बोला, काय होतंय?"

"मला नाही, मुलाला. सव्वीस वर्षांचा आहे."

"मुलगा कुठंय?"

"तो... येत नाही म्हणतो."

"वा. म्हणजे मी कान तुमचा बघायचा आणि औषध त्याला द्यायचं." बाईंनी पेन खाली ठेवलं. पण पूर्णिमाचा चेहरा बघून आवाज बदलला. "बसा. सांगा."

पूर्णिमाने टँकरपासून खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं. खुर्चीचं ऐकताना बाई पुढे वाकल्या.

"हे बघा, तपासल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. मळही असू शकतो, पडद्यामागे पाणीही असू शकतं. पण एका बाजूचं ऐकू येणं असं अचानक कमी झालं आणि शिट्टी वाजते, तर वाट बघत बसायचं नसतं. आतल्या नसेचं असेल तर औषध जितकं लवकर तितकी आशा. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही. आठवडा गेलाच आहे."

"तो आठवडा तो... डिस्का साफ करत होता," पूर्णिमा म्हणाली. स्वतःच्याच कानांना ते इतकं खुळं वाटलं की तिने पदर तोंडाला लावला.

"आणि करतो काय मुलगा?"

"साउंड सिस्टिम."

बाई म्हणाल्या, "आज दहीहंडी. त्या स्पीकरच्या भिंतीसमोर त्याला उभं राहू देऊ नका. चांगला कान आहे ना एक, तोही पणाला लावू नका. मी संध्याकाळी सातपर्यंत आहे. नंबर नको, काही नको, थेट आत आणा."

भाजी न घेताच ती परतली. इंद्रजीत अंगणात केबलची भेंडोळी टेम्पोत टाकत होता. ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. त्याने मधेच हात वर केला.

"तू गेलीस? मी शपथ घातली होती!"

"अरे, आजच म्हणाल्या त्या. सातच्या आत."

"सातला मिक्सर सोडून जाऊ? हंडीच आठला फुटते. उद्या जातो. प्रॉमिस. एक दिवसाने काय होतंय? आणि कानात कापूस घालतो, झालं समाधान?"

"अहो, तुम्ही तरी सांगा याला!" ती संपतकडे वळली.

"काय?"

"कान! याचा कान दुखावलाय!"

"बसला असंल," संपत म्हणाला. "माझा बी बसायचा. दोन दिसांनी सुटतो. कामावर निघालेल्या पोराला मागून हाक मारू नये."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं ती या माणसाशी ओरडून बोलत होती आणि हसत होती. तुमचा सुटला होता का हो, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं. पण ते त्याला दोनदा विचारावं लागलं असतं, आणि एकदाही विचारायचं तिच्यात बळ नव्हतं. टेम्पो गेला.

दुपार ओसरली तशी चौकातून टेस्टिंग सुरू झालं. हॅलो, हॅलो, चेक. ती गच्चीत कपडे काढायला गेली होती. इंद्रजीतचा आवाज ती इतक्या वर्षांत ओळखायला शिकली होती. गोल, भरीव, कानाला न टोचणारा. आज पहिलं गाणं लागलं आणि तिने कपडे सोडून दोन्ही कानांवर हात दाबले. वरच्या पट्टीचा आवाज चाकूसारखा कापत होता. शेजारच्या गच्चीतल्या बाई ओरडल्या, "आज काय कानाचा भुगा करताय का सगळ्यांच्या?"

पूर्णिमाला कळलं ते काय आहे. त्याला डावीकडचं ऐकू येत नव्हतं. पुरेसं येत नाही म्हणून तो वाढवत होता. एकेक बटण, आणखी थोडं, आणखी थोडं, आणि तरी त्याला मंदच येत होतं. आता अख्ख्या चौकाला ते ऐकू येत होतं, फक्त त्याला नव्हतं. आणि तो त्या स्पीकरांच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर उभा होता. कापूस घालून. घातला असेल तर.

आवाज पुन्हा चढला. गच्चीचा पत्रा थरथरला.

ती खाली आली. घड्याळ बघितलं नाही. ऊन अजून समोरच्या इमारतीवर होतं, म्हणजे वेळ होता. मोबाइल हातात घेतला. इंद्रजीतला फोन करण्यात अर्थ नव्हता. त्या कल्लोळात तो वाजलेला त्याला कळला नसता, आणि कळला असता तर त्याने कापला असता. त्याला मिक्सरवरून उतरवू शकेल असा चौकात एकच माणूस होता. मंडळाला सांभाळून घेईल, स्वतः बटणांवर बसेल आणि वेळ पडली तर त्याला धरून गाडीवर घालेल असा. आणि ज्याला अजिबातच सांगायचं नव्हतं, तोही तोच.

तिच्या डोळ्यांपुढे इंद्रजीतचा चेहरा आला. आता आईने काय केलं हे कळल्यावरचा. तो घरी येईल, माडीवर जाईल, दार लावेल. किती दिवस बोलणार नाही कोण जाणे. कदाचित लोक खरंच बोलवायचे बंद होतील आणि ते सगळं तिच्या नावावर पडेल. तिने हे सगळं नीट बघितलं. मग तिने पृथ्वीराजचं नाव शोधलं आणि दाबलं.

बराच वेळ वाजला. मग एकदम चौक कानात फुटला आणि त्यातून पृथ्वीराज ओरडला, "बोला काकू! काय म्हणताय? ऐकू येत नाही काही!"

"पृथ्वी," तिने मोरीत शिरून दार लावून घेतलं, "इंद्राला कळू न देता जरा बाजूला ये. शांत जागी ये. मी धरते फोन."